पेढा मोजणीत होता

पिंजरा रिकामा दिसला तेव्हा शालू ओरडली नाही, आणि तीच खरी घाबरायची गोष्ट होती. एरवी पेन्सिलीचं टोक मोडलं तरी सगळी गल्ली गोळा करणारी दहा वर्षांची पोर, ती गपकन खाली बसली आणि पिंजऱ्याच्या उघड्या दाराकडं बघत राहिली. विजयमाला शेळ्यांना पाणी दाखवून घरात आली, तर हे असं.

"मम्मी, पेढा न्हाई."

पेढा म्हणजे हॅमस्टर. उंदराच्याच जातीचं, पण शेपूट नावाला, गोल गरगरीत, पेढ्याच्या रंगाचं आणि मुठीत मावणारं. शालूची आत्या प्रियांका पुण्यात नोकरीला होती. गेल्या दिवाळीत ती भाचीसाठी हे घेऊन आली आणि बोरी गावात आठ दिवस बघ्यांची रांग लागली. 'विकतचा उंदीर? का, घरचे संपले व्हय?' म्हणून लोकांनी हसून घेतलं. हसेनात का! शालूनं त्याला जीव लावला होता. शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी पिंजऱ्यापाशी, आणि आता मे महिन्याच्या सुट्टीत तर दिवसभर तिथंच.

विजयमालानं पलंगाखाली बघितलं, गाद्यांमागं बघितलं. तिचा नवरा भुजंग ओट्यावर चहा पीत बसला होता. तिथूनच त्यानं निकाल दिला.

"पोरीनंच दार उघडं ठेवलं असंल."

"म्या न्हाई ठेवलं," शालू म्हणाली. "झोपताना कडी लावली होती. तार पण गुंडाळली होती."

"मग काय त्यानं हातानं काढली व्हय? सापडंल की. जाऊन जाऊन जाणार कुटं!" भुजंगनं बशी तोंडाला लावली, एक घोट घेतला आणि मग सहज बोलावं तसं बोलला, "फक्त बियाण्याच्या खोलीत जायला नको. तिथं काल औषध ठेवलंय म्या."

विजयमाला होती तिथं थांबली. "कसलं औषध?"

"उंदराचं. निळ्या वड्या. सोयाबीनच्या चार पोत्यांना भोकं पाडलीत. पेरणीला बियाणं ठिवायचं का न्हाई?"

घ्या! घरात दहा वर्षांचं लेकरू, त्या लेकराचं मुठीएवढं जनावर, अन् ह्या बाबानं घरभर विष पेरलं, तेही कुणाला न सांगता. विजयमालाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "सांगता येत नव्हतं? जिभेला काय फोड आलता?"

"आता सांगायलोय की."

"आता! बैल गेला अन् झोपा केला! किती वड्या?"

"सात."

"कुटं कुटं?"

भुजंगनं डोकं खाजवलं. इथंच सगळं आलं. पोत्यांमागं दोन, पत्र्याखाली एक, दाराच्या फटीत एक, अशी गाडी पाचपर्यंत आली आणि अडली. विजयमालानं त्याला हाताला धरून उठवला. चहा सांडला. सांडू दे. दोघांनी मिळून खोली उलटीपालटी केली, पोती ओढली, कणगीखाली बॅटरी मारली. वड्या सापडल्या सहा. एकही कुरतडलेली नव्हती, एवढं एक बरं. पण सातवी काही मिळेना.

"सहाच ठिवल्या असतील," भुजंग म्हणाला.

"असतील म्हंजी? पाकिटातून किती काढल्या?"

"सात काढल्या. ते पक्कं हाय."

शालू दारात उभी राहून हे सगळं ऐकत होती. तिनं हळूच विचारलं, "ते खाल्लं तर पेढा लगेच मरतो का?" विजयमाला नवऱ्यावरच परत ओरडली. "अन् पिंजऱ्याला हात कुणी लावलता रात्री? खरं बोला."

"मोबाइल लावायचा हुता. पिंजरा प्लगापुढं. म्या जरासा उचलून सरकवला."

"कशाला धरून उचलला?"

भुजंग म्हणाला, "दाराला."

म्हणजे कडी ह्यानं उपसली आणि बोल पोरीला लावला. चोर सोडून संन्याशाला फाशी! विजयमाला अजून दहा वाक्यं बोलली असती, पण तेवढ्यात कासाबाई आल्या.

कासाबाई म्हणजे तिची सासू. विजयमाला त्यांना मामी म्हणायची. सत्तरीची बाई, शुगरची गोळी घेणारी, पण पाठ ताठ. त्यांचं अख्खं लहानपण मेंढरांमागं रानोमाळ गेलेलं. आताही घरची तेवीस शेरडं-मेंढरं संध्याकाळी परतली की त्या दारात उभ्या राहून एकेकाच्या पाठीला हात लावून मोजायच्या. आज शेरडं शेजारच्या लिंबाजीच्या कळपासोबत धाडून त्या आत आल्या, सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "चूल पेटवू नका."

विजयमालाला कळलं. भुजंगलाही कळलं, आणि त्याचं तोंड उतरलं. ह्या घरचा नेम होता तो. मोजणीतलं जनावर हरवलं, तर ते सापडेपर्यंत घरात चूल पेटायची नाही. जनावर उघड्यावर उपाशी अन् आपण घरात गरम घास गिळायचा, हे पाप. चुलीच्या जागी गॅस आला तरी नेम तोच राहिला. लग्न होऊन आल्यापासून विजयमालानं दोनदा बघितला होता. एकदा एडक्यासाठी दीड दिवस, एकदा गाभण मेंढीसाठी एक दिवस.

"उंदरासाठी उपास?" भुजंग म्हणाला. "आई, गावाला कळलं तर तोंड दाखवाया जागा राहायची न्हाई."

"दिवाळीला आणला तव्हा त्याच्या कपाळाला म्या भंडारा लावला. तुझ्यादेखत. चिमूटभर हळद लागली की ते घरचं. घरचं ते मोजणीतलं. आता बस गप."

आणि मग त्या सत्तरीच्या बाईनं घर ताब्यात घेतलं. पुढचं-मागचं दार लावून घेतलं. दारांखालच्या फटींत जुनी लुगडी कोंबली. शेजारच्यांचं मांजर खिडकीत बसलेलं असायचं, त्याला हाकलून खिडकी लावली. पिंजरा भिंतीलगत जमिनीवर ठेवला, दार उघडं, आत त्याचंच जुनं कापसाचं अंथरूण. "ते धुऊ नका, वास राहू द्या," म्हणाल्या. शालूनं वाटीत काकडीची फोड आणि सूर्यफुलाच्या बिया ठेवल्या. मग कासाबाईंनी ज्वारीचं पीठ घेतलं आणि भिंतींच्या कडेकडेनं, उंबऱ्यांपुढं पातळ भुरभुरलं.

"हे कशाला, आज्जी?"

"आमी रानात मेंढरांच्या जाळीभवती माती सारखी करून ठिवायचो. लांडगा रात्री कुठून आला, सकाळी पायावरून कळायचं. हे बी तसंच."

विजयमालानं पुण्याला फोन लावला. प्रियांका तिकडून रडवेली झाली. "वहिनी, त्याच्यामागं धावू नका. तो दिवसभर झोपतो, अंधार पडायला लागला की बाहेर येतो. आणि त्याला ऊन सोसत नाही, लय उकाडा झाला तर तसाच मरतो."

"एवढं शिकून हेच सांगायलीस व्हय?" कासाबाई लांबूनच फोनवर ओरडल्या. "उन्हाळ्यात जनावर चाऱ्याकडं जात न्हाई, गारव्याकडं जातं. कूलर बंद करा. सगळं घर तापू द्या, म्हंजी त्याला गारव्याची एकच जागा राहील."

कूलर बंद झाला आणि बाराच्या सुमाराला स्लॅब असा तापला की भिंतीला हात लावायची सोय राहिली नाही. परभणीकडचा मे महिना, बंद दारं, चौघं माणसं आणि पोटात सकाळपासून गुळाचा खडा अन् पाणी. कासाबाईंना मात्र विजयमालानं दोनदा गार ताक दिलं. त्यांनी नको म्हटलं तर डोळे वटारून दिलं. ताकाला कुठं चूल लागते?

दुपारी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पिठावर पाय उमटलेले दिसले. तिळाएवढी बोटं. शालूनं आधी बघितले. तिथं वाळूत अर्धा पुरलेला रांजण होता, भोवती ओलं गोणपाट. पाय गोणपाटाखाली गेलेले होते.

"रांजण हलवतो," म्हणत भुजंग उठला.

"हात लावशील तर बघ!" कासाबाईंनी अशी हाक मारली की तो जागेवर थिजला. "बुडाखाली असलं तर चिरडून जाईल. भेदरलं तर भिंतीच्या बिळात शिरंल, मग बस बोंबलत. बसा सगळे. आवाज करू नका. त्याचं त्याला येऊ द्या."

मग बसायचं काम. आणि बसल्या जागी विजयमालाच्या डोक्यात जे यायला नको होतं तेच यायला लागलं.

मागच्या पोळ्यानंतरची गोष्ट. तिची एक शेळी होती, चांदी. आई मेलेलं पिल्लू, विजयमालानं बाटलीनं दूध पाजून वाढवलेलं. भुजंगनं ती तिला न विचारता जिंतूरच्या बाजारात विकून टाकली. विचारलं तर म्हणाला, "शेळीच हाय, लेकरू न्हाई." त्या दिवशी विजयमाला हातातलं पीठ तसंच टाकून, अंगावरच्या लुगड्यानिशी निघाली. कुणाला काही सांगितलं नाही. एसटीनं परभणी, तिथून ताडकळस, भावाच्या घरी. आज कोणी येईल, उद्या येईल, निदान फोन तरी. तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी शालूची परीक्षा म्हणून तीच आपल्या पायांनी परत आली. भुजंग ओट्यावर बसला होता. म्हणाला, "आलीस? चहा टाक." तिनं चहा टाकला. तेव्हापासून ती त्यावर एक शब्द बोललेली नव्हती. आज समोर तोच माणूस उपाशी बसून रांजणाकडं डोळे लावून बघत होता, आणि ते बघून तिचं डोकं तडकायला लागलं. चांगलं हाय, ती मनात म्हणाली. लय चांगलं हाय.

उन्हं कलली. बाहेर शेरडांचा आवाज आला. कासाबाईंनी मागचं दार फटीएवढं उघडलं, बाहेर जाऊन एकेकाच्या पाठीला हात लावला, मोजलं, आत आल्या आणि दार परत लावलं. "तेवीस," म्हणाल्या. "एक कमी."

दिवेलागणीला कोणी दिवा लावला नाही. आणि मग गोणपाट हललं.

आधी नाक आलं, मग मिशा, मग पेढा. पण त्याचं तोंड बघून शालूनं आईचा दंड आवळला. दोन्ही गाल टम्म फुगलेले होते. हे जनावर मिळेल ते गालात भरून ठेवतं, हे ह्या घरात आता सगळ्यांना माहीत होतं. गालात काय होतं, ते मात्र कुणाला माहीत नव्हतं. निळी वडी. सातवी. कुरतडून गालात भरली असली तर?

भुजंग पुढं सरकायला लागला. विजयमालानं त्याच्या शर्टाची कॉलर मागून धरली आणि धरूनच ठेवली.

पेढा पिठातून भिंतीच्या कडेनं निघाला. थांबला. परत निघाला. शालू पिंजऱ्याशेजारी मांडी घालून, तळहात जमिनीवर उताणा टाकून बसली होती. ती नुसती हळू आवाजात बोलत होती, रोज बोलायची तसंच, "ये रे पेढ्या, ये." तो आला, तिच्या बोटांचा वास घेतला आणि बोटं ओलांडून सरळ पिंजऱ्यात आपल्या अंथरुणावर गेला. शालूनं दार लावलं, कडी घातली, तार तीनदा गुंडाळली.

विजयमालानं बॅटरी धरली. पेढ्यानं पुढच्या पायांनी गाल दाबले आणि एकेक ऐवज बाहेर काढायला सुरुवात केली. सोयाबीनचा दाणा. अजून एक. अजून एक. बियाण्याला अजून औषध चोळलेलं नव्हतं, नुसतं घरचं सोयाबीन. दोन्ही गाल रिकामे झाले, अकरा दाणे निघाले, आणि त्यात निळं म्हणून काही नव्हतं. शालूनं दाणे काढून घेतले, काकडीची फोड आत ठेवली. पेढा ती खायला लागला तेव्हा कुठं शालू रडली, सकाळचं रडं राहिलेलं होतं ते.

"बघ! म्हणलं नव्हतं सापडंल?" भुजंग खुशीत उठला. खुंटीवरच्या शर्टाच्या खिशातून त्यानं तंबाखूची पुडी काढली. पुडीसोबत काहीतरी खाली पडलं. कागदात गुंडाळलेली निळी वडी.

विजयमाला कडाडली.

"खिशात! तंबाखूच्या शेजारी विष! अन् त्याच खिशात पोरगी चॉकलेटसाठी हात घालती रोज! तुमच्या डोक्यात मेंदू हाय का पेंड?"

भुजंगनं ती वडी सकाळच्या सहांसोबत प्लॅस्टिकच्या डब्यात घातली, डबा कपाटाच्या वरच्या खणात ठेवला, कुलूप लावलं आणि किल्ली बायकोपुढं धरली. तिनं ती हिसकावून घेतली.

"सापडलं ना जनावर," कासाबाई मधे पडल्या. "ईजे, पेटव गॅस. टाक काहीतरी. पोर सकाळपासून उपाशी हाय."

विजयमाला जागची हलली नाही.

"एक इचारते मामी. पोळ्यानंतर मी तीन दिवस घरात नव्हते. तव्हा चूल पेटली होती का?"



"तू काय हरवलीस थोडीच?" भुजंग म्हणाला. "माहेरी गेलतीस."

"तुमाला कुणी सांगितलं माहेरी गेले म्हणून? मी सांगून गेलते? भावाला फोन लावलता तुमी? वाटंत तीन विहिरी हायत, एकीत तरी वाकून बघितलं? हातातलं पीठ टाकून बाई घरातून निघून गेली, अन् तुमी धरून चाललात की हाय कुटंतरी. पेढ्याला चिमूटभर हळद लावली तर तो मोजणीत आला. मला अंगभर लावून आणलं होतं."

"अगं, पण..."

"चूल पेटली होती का, एवढंच सांगा."

सांगितलं शालूनं. लेकरू ते, खोटं कशाला बोलेल? "पेटली होती. आज्जीनं पिठलं केलं होतं. पप्पांनी तीन भाकरी खाल्ल्या."

भुजंगनं मान खाली घातली. कासाबाई भिंतीला धरून हळूच खाली बसल्या. म्हणाल्या, "म्याच पेटवली. चुकलं."

विजयमालानं कूलर चालू केला आणि त्याच्यापुढं पाय लांब करून बसली. "मी आज चुलीपुढं जाणार न्हाई," म्हणाली. शेवटी भुजंगच उठला. डाळ-तांदूळ कुठल्या डब्यात आहेत हे त्याला शालूला विचारावं लागलं. खिचडी कुकरच्या बुडाला लागल्याचा वास आला तरी विजयमाला उठली नाही.

चार ताटं मांडली. शालू पिंजरा मांडीपाशी घेऊन जेवायला लागली. कासाबाईंनी आपलं ताट हातानं बाजूला सारलं.

"माझे तीन दिवस राह्यलेत," म्हणाल्या.

"नाटकं करू नका मामी. तुमाला शुगर हाय. चक्कर येऊन पडलात तर दवाखान्यात मलाच पळावं लागंल."

"नेम हाय."

"नेम मोडला तव्हा आठवला नव्हता. आता मला आणखी ताप देऊ नका. जेवा म्हणते ना!" तिनं खिचडी कालवली, फुंकून गार केली, घास केला आणि रागारागानं सासूच्या हातावर ठेवला. कासाबाईंनी तो तोंडात घातला. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते पुसायचं सोडून त्या चावत राहिल्या.

आई जेवायला लागलेली बघून भुजंगला हायसं वाटलं. सकाळच्या अर्ध्या कप चहावर होता बिचारा. त्यानं ताट पुढं ओढलं आणि घासाला हात घातला.

"तुमाला कुटं शुगर हाय?" विजयमाला म्हणाली.

भुजंगनं तिच्याकडं बघितलं. ती थट्टा करत नव्हती. त्यानं हात मागं घेतला. तिनं त्याचं ताट उचललं, आपल्या ताटात रिकामं केलं आणि जेवायला बसली. खिचडीत मीठ कमी होतं आणि खालची करपलेली होती. तिनं सगळी खाल्ली.